माझ्या यादीतून सुटलेलं पान

अपिलात साक्षीदार नसतात, हे अशिलाला पटवायला मला दर वेळी अर्धा तास लागतो. माणूस दोन पिशव्या भरून कागद घेऊन येतो, पाणी पितो आणि म्हणतो, "मॅडम, माझे मेव्हणे बोलायला तयार आहेत, शेजारचे गुप्ताजी तयार आहेत, बस आप तारीख बताइए." मी सांगते, मेव्हण्यांना घरीच राहू द्या. ज्यांना बोलायचं होतं ते खालच्या कोर्टात बोलून गेले. हायकोर्टात आता फक्त तिथला कागद बोलणार. त्यात जे आहे ते आहे, नाही ते नाही. पण "नाही" म्हणण्याआधी तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला असायला हवा. हे वाक्य मी ज्युनिअर मुलींना बरीच वर्षं ऐकवत आले. मग एकदा ते माझ्यावरच उलटलं. आज तेच लिहायला बसले आहे.

मी मूळची चंद्रपूरची. लग्न करून दिल्लीत आले. आधी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिलो, आता नोएडात. वकिली हायकोर्टात, आणि कामाचा मोठा भाग एकाच प्रकारच्या गुन्ह्याचा: जात काढून केलेला अपमान. लोक त्याला सरसकट "अ‍ॅट्रॉसिटी" म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढं काय अवघड आहे, शिवी दिली की गुन्हा झाला. तसं नसतं. माझ्या टेबलाच्या काचेखाली एक यादी आहे. काय म्हटलं, कुणी, कुणाला, कुठे. त्या जागी चार परके लोक पाहू-ऐकू शकत होते का. बोलणाऱ्याला समोरच्याची जात माहीत होती का. आणि अपमान जातीमुळेच केला, की भांडण दुसरंच होतं. प्रत्येक प्रश्नापुढे साक्षीदाराचं नाव आणि पानाचा नंबर. एक रकाना जरी रिकामा राहिला तरी समोरचा वकील तिथेच पहार घालतो.

चार परक्या लोकांच्या त्या रकान्यानं मला सगळ्यात जास्त रडवलं आहे. नोएडातल्या एका ऑफिसमधला मुलगा आला होता, हुशार, शांत. मॅनेजरनं त्याला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि जे बोलला ते मी वाचू शकत नव्हते इतकं घाण होतं. केबिनमध्ये हे दोघंच होते. कायदा म्हणतो, अपमान लोकांच्या नजरेसमोर व्हायला हवा. मी दीड तास बोलले आणि हरले. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "म्हणजे त्यानं दार लावलं होतं म्हणून तो सुटला?" मी म्हटलं, "हो." न्यायाधीशांचं काही चुकलं नव्हतं. तरी त्या मुलाचा फोन मी अजून पहिल्या रिंगला उचलत नाही.

दुसऱ्या टोकाचेही भेटतात. एक गृहस्थ पार्किंगच्या भांडणाची फाइल घेऊन आले. शेजाऱ्यानं गाडीला ओरखडा काढला होता. म्हणाले, "जात भी डाल दो मॅडम, केस टाइट हो जाएगा." मी विचारलं, त्यानं जात काढली होती का? "नहीं, पर निकाल सकता था." मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. असल्या एका फाइलीमुळे पुढच्या दहा खऱ्या फिर्यादींकडे न्यायाधीश संशयानं बघतात.

आता सुलभाताईंची केस. हे त्यांचं खरं नाव नाही. त्या वर्ध्याच्या, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठ्या, माझ्याइतक्याच काटेकोर. राहायला एका सरकारी वसाहतीत, तिचं नाव मी देणार नाही. तिथे मराठी मंडळाचा गणपती बसतो. ताई बौद्ध. पण मुलगी नाटकात असायची, मैत्रिणी मंडळात होत्या, म्हणून कामाला जायच्या. महाप्रसादाच्या दिवशी त्या मंडपामागे गेल्या. तिथे दिल्लीतल्याच त्रिनगरचा हलवाई किशनलाल मसालेभात करत होता. त्याला गोडा मसाला कधी घालायचा ते कळेना, म्हणून ताईंनी झाकण उचललं आणि डाव हातात घेतला. मंडळाचे सचिव तिथे आले. हे मराठीच, पण हलवायाशी बोलायचं म्हणून हिंदीत बोलले, आणि पानांसाठी रांगेत उभ्या असलेल्या दहा-बारा जणांसमोर बोलले. ताईंनी डाव खाली ठेवला, झाकण नीट लावलं आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आल्या.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"जात काढली."

"हो, पण शब्द?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी पुन्हा विचारलं नाही. फिर्यादीचा मसुदा मी लिहिला आणि त्यात घातलं: "जातिवाचक शब्द वापरून अपमान केला."

का विचारलं नाही, ते सांगायला हवं. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. कुणी विचारलं तर आम्ही बौद्ध, एवढंच. आजी म्हणायची, जुनं धडुतं वेशीबाहेर टाकलं की परत उचलून बघायचं नसतं. सुलभाताईंच्या घरीही हेच. म्हणून दोघी शिकल्यासवरल्या बायका समोरासमोर बसलो आणि ज्या शब्दावर सगळी केस उभी राहणार होती तोच आम्ही कागदावर येऊ दिला नाही. अशी चूक परक्या वकिलानं केली नसती. तो म्हणाला असता, "बहनजी, एग्ज़ैक्ट बताइए."

खटल्यात तेच घडलं. सरकारी वकिलांनी साक्षीच्या वेळी शब्द विचारले. ताई म्हणाल्या, "वो शब्द मैं अपने मुँह से नहीं कहूँगी." न्यायाधीशांनी ते तसंच लिहून घेतलं. मंडळाचे चार साक्षीदार आले आणि चौघेही फिरले. चौघांचं उत्तर एकच: "आम्ही पुढे आरती म्हणत होतो, मागचं काही ऐकलं नाही." आरती प्रसादाच्या आधी की नंतर, यावर मात्र चौघांची चार उत्तरं. राहिला एकटा किशनलाल. तो ठाम होता. "साहब ने कहा, मैडम को बर्तन मत छूने देना, ये छोटी जात की हैं."

"इतनी पुरानी बात याद कैसे है?" बचावाच्या वकिलांनी विचारलं.

"हमारा तो काम ही है जी. किसने कढ़ाई में क्या डाला, हलवाई नहीं भूलता."

खालच्या कोर्टानं किशनलालवर विश्वास ठेवला. सचिवांना दोषी धरलं, सहा महिन्यांची शिक्षा दिली. ते अपिलात आले आणि त्यांनी मोठे सिनियर वकील उभे केले. या कायद्यात फिर्यादीलाही बोलायचा हक्क असतो, म्हणून ताईंच्या वतीनं मी उभी राहणार होते. सिनियरांचे लेखी मुद्दे मी दोनदा वाचले. नेमका शब्द कुठेच सिद्ध झालेला नाही. फिर्यादी स्वतःच सांगायला तयार नाही. "छोटी जात" म्हणजे कुठली जात, कुणाची? आणि खरं तर आरोपी पुढे आरतीत होता, कढईपाशी गेलाच नव्हता, आणि तिथलं काही कुणी ऐकलंही नाही. बाकीचे मुद्देही होते, ताई बौद्ध आहेत, जातीचा दाखला महाराष्ट्राचा आणि घटना दिल्लीची, पण त्यांची उत्तरं खालच्या निकालातच होती. जातीची माहितीही सिद्ध होती. वर्गणीला सचिव ताईंच्या घरी आले होते, भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघून गाव आणि पूर्ण नाव विचारून गेले होते. अडकलं होतं शब्दापाशी, कढईपाशी आणि ऐकणाऱ्यांपाशी.

वसाहतीत तोवर बोललं जाऊ लागलं होतं. सुटणारच आहेत ते, बाईंनी उगाच बाऊ केला. मुलीच्या मैत्रिणीच्या आईनं तर जिन्यात विचारलं, "खोटी केस निघाली तर तुमच्या नोकरीला काही होत नाही ना?" ताईंनी मला हे सांगितलं ते अगदी कोरड्या आवाजात. पुढे म्हणाल्या, "शिक्षा कमी झाली तरी चालेल. पण मी खोटी ठरता कामा नये."

सुनावणीच्या आधीच्या शनिवारी मी त्यांना नोएडाला घरी बोलावलं. जेवणाचं टेबल मोकळं केलं, नवऱ्याला त्याच्या लॅपटॉपसकट बेडरूममध्ये धाडलं. खालच्या कोर्टाच्या रेकॉर्डची एक प्रत त्यांच्यापुढे, एक माझ्यापुढे. पद्धत अशी: मी मोठ्यानं वाचायचं, त्यांनी बोट ठेवून बघायचं, शंका आली की थांबवायचं. माझी यादी शेजारी. सकाळी दहाला सुरू केलं. किशनलालच्या उलटतपासापर्यंत आलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि मधल्या वेळात आम्ही फक्त पोहे खाल्ले होते.

मी एकशे बेचाळिसाव्या पानाचा शेवट वाचला आणि पान उलटलं. ताईंनीही उलटलं. मी वाचू लागले, आणि पुढची ओळ कुठेतरी अर्ध्यातूनच सुरू होतेय असं वाटलं. बघते तर मी दोन पानं उलटली होती. ताईंच्या प्रतीत बघितलं. त्यांचीही दोन उलटलेली.

"तुमची पानं चिकटली आहेत का?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "नाही. ते पान मी नेहमी सोडते."

"का?"

"त्यात तो शब्द आहे ना."

मी माझी यादी ओढली. किशनलालपुढे पानांचे नंबर: एकशे अडतीस, एकोणचाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस. चाळिसावं कोरं होतं, नुसता शिक्का, ते मला माहीत होतं. त्रेचाळीस नव्हतं. मी, जी किराण्याच्या यादीलाही नंबर घालते, तिनं पान सोडलं होतं. धावत जाऊन खटल्याची जुनी डायरी आणली. त्या तारखेला माझ्याच अक्षरात: "उलटतपास शेवट. नेहमीच्या सूचना. नाकारल्या." म्हणजे त्या दिवशी मी कोर्टात बसले होते, माझ्या कानांनी ऐकलं होतं आणि ऐकलंच नाही असं लिहून ठेवलं होतं.

इथे थोडं समजावते. उलटतपासाच्या शेवटी बचावाचे वकील साक्षीदाराला आपल्या बाजूची गोष्ट एकेका वाक्यात विचारतात: हे खरं नाही का की तुम्ही खोटं बोलताय, हे खरं नाही का की असं काही झालंच नाही. याला सूचना म्हणतात. साक्षीदार "गलत है" म्हणत जातो. हे उलटतपासाचं शेपूट, बहुतेक वकील ते वाचतही नाहीत. पण त्या सूचना वकिलाला स्वप्नात सुचत नाहीत, त्या आरोपीनं सांगितलेल्या असतात.

त्रेचाळिसाव्या पानावर तळाशी, इंग्रजी मजकुराच्या मधे, अवतरणात हिंदी वाक्य होतं. बचावाच्या वकिलांनी किशनलालला विचारलं होतं: हे खरं नाही का, की साहेबांनी कढईपाशी फक्त एवढंच म्हटलं, "ये महार हैं, हमारे यहाँ इनका छुआ नहीं चलता", आणि ते अपमानासाठी नव्हतं, गावाकडची रीत सांगितली, रांगेतले लोक ऐकून हसलेसुद्धा? किशनलालचं उत्तर: "गलत है. रिवाज की बात नहीं थी, मैडम को रोका था. और हँसा कोई नहीं."

मी खुर्चीवरून उठले. अपिलात ते म्हणत होते, आरोपी कढईपाशी नव्हताच. त्यांचीच सूचना सांगत होती, होता. म्हणत होते, शब्द सिद्ध नाही. शब्द त्यांनीच दिला होता. म्हणत होते, कुणी ऐकलं नाही. रांग त्यांनीच उभी केली होती, हसतीसुद्धा. माझ्या यादीतले तीन रिकामे रकाने बचावानं स्वतःच्या हातानं भरून ठेवले होते, आणि आम्ही दोघी वर्षानुवर्षं त्यावरून उडी मारून जात होतो.

"सुलभाताई, हे मला कोर्टात वाचावं लागेल," मी म्हटलं. "मोठ्यानं."

त्यांनी पोह्यांच्या बशा उचलून सिंकमध्ये ठेवल्या. परत येऊन म्हणाल्या, "वाचा. मी पहिल्या रांगेत बसेन. मागे बसले तर तुम्ही गाळाल."

कोर्टात आम्ही इंग्रजीत बोलतो, मी मराठीत सांगते. सिनियरांनी पाऊण तास मुद्देसूद मांडणी केली, आणि खरं सांगायचं तर सुंदर केली. न्यायाधीशांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, नेमके शब्द रेकॉर्डवर आहेत का?"

"आहेत, माय लॉर्ड. पान एकशे त्रेचाळीस, शेवटून सहावी ओळ."

पानं उलटल्याचे आवाज आले. मी वाचायला लागले. "ये" झालं आणि पुढचा शब्द येईना. जो शब्द पुसायला आमच्या घरानं दोन पिढ्या मेहनत केली होती तो मी काळा कोट घालून भर कोर्टात उच्चारणार होते. शेजारच्या वकिलानं पाण्याचा ग्लास सरकवला. मी तो घेतला नाही. पूर्ण वाक्य वाचलं.

न्यायाधीश म्हणाले, "पुन्हा वाचा."

दुसऱ्यांदा आवाज कापला नाही.

सिनियर उठले. "सूचना हा पुरावा नसतो, हे माझ्या विद्वान मैत्रिणीला ठाऊक असेल."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "एकट्या सूचनेवर शिक्षा कायम करा असं मी म्हणतच नाही. किशनलाल आजही उभा आहे, त्याला कुणी हलवू शकलेलं नाही. तो 'छोटी जात' म्हणतो. कुठली, ते त्याला ठाऊक नव्हतं, तो त्रिनगरचा. ते आरोपीला ठाऊक होतं आणि आरोपीच्याच वकिलांनी ते कोर्टाला सांगितलं. माझ्या विद्वान मित्रांनी एवढंच सांगावं, त्यांचा अशील त्या दिवशी आरतीत होता की कढईपाशी? दोन्हीकडे असता येणार नाही."

न्यायाधीशांनी सिनियरांकडे बघितलं. सिनियरांनी मागे बसलेल्या ज्युनिअरकडे बघितलं. ज्युनिअर फाइलीत बघत होता. वीस वर्षांत मला कोर्टात इतकी आवडलेली शांतता दुसरी नाही. मी मुद्दाम काही बोलले नाही. कधी बसावं हे वकिलाला कळायला हवं, ते त्या दिवशी मला कळलं.

निकाल राखून ठेवला गेला. तीन आठवडे मी रोज सकाळी कोर्टाची निकालांची यादी तपासायच्या आधी चहासुद्धा घेतला नाही. निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी शेवटचा परिच्छेद वाचला: अपील फेटाळलं, शिक्षा कायम. सचिव शेवटच्या रांगेत होते, पत्नीबरोबर. म्हातारे वाटले. त्यांना शिक्षा झाल्याचा मला आनंद झाला नाही, तसा तो कधीच होत नाही. पण ताईंचा विचार करून पायांत इतकं बळ आलं की जिने उतरताना मी दोन-दोन पायऱ्या घेतल्या, या वयात.

आम्ही चालत कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनाच्या कँटीनमध्ये गेलो. दुपारची वेळ, टेबलं भरलेली, सगळीकडे मराठी: मुंबईहून फाइली घेऊन आलेले अधिकारी, ड्रायव्हर, कुणाचे तरी पीए. ताईंनी चहा मागवला आणि निकालाची प्रत माझ्याकडून मागून घेतली.

"यात तो शब्द आहे?"

"आहे. पान अकरा. मी नंतर पाठवते हवं तर. किंवा माझ्याकडेच राहू दे."

"मुलगी विचारेल," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तिला एवढंच माहीत आहे, की आईला कुणीतरी काहीतरी म्हटलं." त्यांनी चष्मा लावला, अकरावं पान काढलं आणि बोट ठेवून वाचायला लागल्या. हळू नाही, ऑफिसात नोटिंग वाचून दाखवतात तशा, स्वच्छ आवाजात. ते वाक्य आलं. त्या थांबल्या नाहीत. शेजारच्या टेबलावरचे दोघं बोलायचे थांबले आणि वळून बघायला लागले. ताईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे एकदा बघितलं, बोट एक ओळ खाली आणलं आणि पुढचं वाक्य त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात मराठी करून वाचलं: "आरोपीनं हे शब्द फिर्यादीला उद्देशून, लोकांसमोर, तिचा अपमान करण्यासाठी उच्चारले, हे सिद्ध झालं आहे."